तार हातातच होती

बसा पोरांनो. दिवा राहू दे, विझवायचं कारण नाही. ही गोष्ट माझ्या भाच्याची. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याने सांगितलं तसं सांगतो.

गेल्या साली जूनचा दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. दिवसातलं सातवं घर. घरात एकट्या काकू. काकांना जाऊन वर्ष झालेलं. जायच्या आधी त्यांनी मुलीला पत्र लिहून कॉम्प्युटरात ठेवलं होतं. बापलेकीचं बोलणं पाच वर्षं बंद होतं. आता ती मुलगी सकाळी येणार आणि दुपारी परत जाणार.

“तेवढं छापून दे रे बाबा,” काकू म्हणाल्या. “दारातच तिच्या हातात ठेवायचंय.”

“पण पडदा काळा कशाने झाला?”

“अक्षरं मुंगीएवढी दिसायची. शेजारीण फोनवर सांगत गेली, मी सेटिंग बदलत गेले. चालू होताना निळं पान येतं ना, तिथपर्यंत पोचले.”

“शेजारीण डोळ्यांची डॉक्टर आहे का?”

“नाही रे, शिवणकाम करते.”

हसत हसत त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंखा फिरत होता, पण पडदा काळा. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. काळाच. आतली नाण्याएवढी बॅटरी काढली, दहा मिनिटांनी परत बसवली. काळाच. साडेअकरा झाले. कंबरेचा पार काटा ढिला झाला.

“काकू, दुकानात न्यावं लागेल. आठवडा तरी जाईल.”

काकू उठून आत गेल्या.

त्याने वीज बंद केली. पडद्याची तार उपटली. टॉर्च दातांत धरून तो तार गुंडाळू लागला. उजेड तिरका पडद्यावर पडला.

काचेत काहीतरी होतं.

फिकट... धुरासारखं.

अक्षर. मग दुसरं. कुणीतरी एका बोटाने लिहावं, तसं सावकाश...

‘दमलास बस’

वीज बंद. तार त्याच्या हातात.

तो मटकन खाली बसला.

...

टॉर्च खाली पडला. डब्याची मागची बाजू उजळली. पार खाली, भिंतीकडे, पडद्याची तार लावायचं आणखी एक भोक होतं. त्यावर प्लास्टिकचं टोपण. उभ्याने ते दिसलंच नव्हतं. त्याने टोपण काढलं, त्यात तार लावली, वीज चालू केली.

पडदा उजळला. काकूंनी बदललेल्या सेटिंगने चित्र या भोकाकडे वळवलं होतं. पत्र होतं.

काचेतल्या अक्षरांचं न सांगता त्याने ते छापून काकूंच्या हातात दिलं आणि घर गाठलं. पुढचं त्याला काकूंनीच मागाहून सांगितलं.

सकाळी मुलीने उंबऱ्यातच उभ्याने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, “आई, बाबांचा जुना कीबोर्ड मला दे.” काकांनी त्यावर मराठी अक्षरं चिकटवली होती. ते गेले तेव्हापासून तो कपाटावर पडून होता. काकूंनी स्टुलावर चढून काढला. बोटभर धूळ.

फक्त सहा बटणं लख्ख होती. द, म, ल, काना, स, ब.

आणि खालची लांब पट्टी.