आठ ओळींचा माणूस

छाया कवितेसाठी आलीच नव्हती. ती हार द्यायला आली होती.

मखमलाबादला तिच्या वडिलांचा, बहिरूनानांचा, गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा होता. इंदिरानगरच्या वाचनालयात 'चतुर्दशी सुनीत मंडळा'चा वर्धापनदिन होता आणि तिथे दोन हार पोचवून तिला नऊच्या बसने कॉलेजला जायचं होतं. साल १९९४. तिने हार टेबलावर ठेवले, ओढणी सारखी केली आणि वळली, तोच मंडळाचे अध्यक्ष मोतीरामअप्पा दारात आडवे आले.

"ताई, लिहितावाचता येतं का?"

"बी.ए.ला आहे," छाया जरा फणकाऱ्याने म्हणाली.

"तो वेगळा विषय झाला. चौदापर्यंत मोजता येतं का?"

अप्पांची सारी नोकरी जकात नाक्यावर गेली होती, आणि ट्रक अडवण्याची सवय निवृत्त होत नाही. अडचण अशी होती, की त्या दिवशी मंडळात नेमके तेरा कवी जमले होते आणि सुनीताच्या वर्धापनदिनी माणसं चौदाच हवीत, असा त्यांचा हट्ट होता. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. पहिल्या आठ ओळींत, म्हणजे अष्टकात, प्रश्न मांडायचा आणि शेवटच्या सहांत, म्हणजे षटकात, उत्तर द्यायचं. पण एकाच माणसाने प्रश्नही विचारायचा आणि उत्तरही द्यायचं, हे अप्पांना संशयास्पद वाटे. म्हणून मंडळात प्रत्येकाने निनावी अष्टक लिहून पितळी डब्यात टाकायचं, मग दुसऱ्याचं उचलायचं आणि त्याला षटक जोडायचं. ओळीत अक्षरं चौदा. ती अप्पा स्वतः बोटांवर तपासत.

बक्षीस काही नव्हतं. षटक वाचून झालं, की ज्याचं अष्टक असेल तो उभा राहायचा, म्हणजे उत्तर पटलं. नाही पटलं तर गप्प बसून राहायचं. अशी अष्टकं पुढच्या महिन्यात पुन्हा डब्यात जात. गोजराबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेचं गुडघेदुखीवरचं एक अष्टक सहा महिने डब्यात होतं.

छायाने घड्याळाकडे पाहिलं, बसचा विचार सोडला आणि बसली. तिच्या हाती आलेल्या चिठ्ठीत बारीक, नेटकं अक्षर होतं. कुणीतरी विचारलं होतं, की ओंजळीत आलेलं पाणी राखावं की सोडावं? छायाला त्या माणसाची गंमत वाटली. तिने सहा ओळींत सांगून टाकलं, की आधी प्यावं.

तिने वाचून दाखवलं. मग शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला... आणि एक उंच, सडपातळ तरुण उभा राहिला. चष्मा सावरत. कानापर्यंत लाल होत.

हा वेणीमाधव. पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरातला, पण स्वतः विमा कार्यालयात नोकरीला.

"तहान लागली होती वाटतं?" बाहेर पडताना छायाने विचारलं.

"मला?" तो म्हणाला. "नाही... म्हणजे, हो. म्हणजे, आता लागली."

त्या महिन्यापासून छाया मंडळाची झाली. दोन वर्षांत तिची बस पुष्कळदा चुकली. वेणीमाधवची अष्टकं ती अक्षरावरून नाही, तर त्यांच्या स्वभावावरून ओळखू लागली. ती नेहमी एखाद्या उंबऱ्यावर येऊन थांबलेली असत. माणूसही तसाच होता. तिच्यासाठी चहा आणायचा, पण बशी पुढे करून तिसरीकडेच बघायचा. नदीवरच्या घाटावर भेटला तर "अरे, तुम्ही इथे?" म्हणायचा, आणि स्वतः तिथे का आलाय हे मात्र सांगू शकायचा नाही. मंडळात प्रत्येक स्त्रीला ताई म्हणायचं, असा अप्पांचा दंडक होता. वेणीमाधवने दोन वर्षांत छायाला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. नाव घेतलं असतं, तर मागे ते शेपूट लावावं लागलं असतं! त्याऐवजी तो "अहो" म्हणून खोकायचा. छायाला तो खोकला गर्दीतही ओळखू यायचा, आणि ऐकू आला की तिची वेणी विनाकारण पुढे यायची.

पण खोकल्यावर संसार होत नाही, आणि बहिरूनानांना त्या खोकल्याचं कोण सांगणार? ९६च्या डिसेंबरात त्यांनी चांदवडचं स्थळ काढलं. मुलगा शिकलेला, कांदा साठवायच्या चार चाळी, माणसं सज्जन. छायाकडे नाही म्हणायला एकही कारण नव्हतं. एक होतं, पण ते काही बोलायलाच तयार नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तिने बसस्टॉपवर त्याला गाठलं.

"उद्या चार वाजता चांदवडची माणसं येणारेत. मला बघायला."

वेणीमाधवने चष्मा काढला. पुसला. घातला.

"चांदवडचा रस्ता... आता चांगला झालाय."

"हो का?" छाया म्हणाली. "मग लवकर पोचतील."

"तुम्ही... होकार देणार?"

"दुसरं कुणी काही विचारलंच नाही, तर काय करू?"

तो काहीतरी बोलणार, एवढ्यात बस आली. "उद्या सकाळी मंडळात या," तो घाईघाईने म्हणाला. "नक्की या हं... अहो!"

रविवारी कडाक्याची थंडी होती. अप्पा माकडटोपीत होते. अष्टकं लिहून झाली, चिठ्ठ्या डब्यात पडल्या. वेणीमाधव मुद्दाम सगळ्यांत शेवटी उठला आणि त्याने आपली चिठ्ठी अगदी वर, अंगठ्याने दाबून बसवली. छायाने ते पाहिलं आणि ती खुर्चीच्या कडेवर सरकली. पहिली चिठ्ठी वयाने सर्वांत लहान असेल त्याने उचलायची, आणि लहान तीच होती. दोन वर्षांनी का होईना, माणसाला युक्ती सुचली होती.

तिने हात पुढे केला.

"थांबा, थांबा!" गोजराबाई म्हणाल्या. "आज अप्पांना सत्तर पूर्ण झाली. पहिला मान त्यांचा!"

टाळ्या झाल्या. वेणीमाधवने टाळ्या वाजवल्या नाहीत. अप्पांनी टोपी सावरली आणि वरची चिठ्ठी उचलली.

अर्ध्या तासाने अप्पा वाचायला उभे राहिले. ते आधी अष्टक वाचत, आणि ट्रकमधला माल बाहेर काढावा तसा एकेक शब्द वेगळा ठेवत. घाटाच्या पायऱ्या उतरणारा कुणी एक होता. एकेका ओळीत एकेक पायरी. पलीकडे कुणीतरी उभं होतं, हातात फुलांची परडी घेऊन.

"आठ पायऱ्या झाल्या, पुढचे पाणी खोल,
तू सांगशील तर टाकीन मी पाऊल."

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि छायाला ते एकदम फार जवळचं वाटलं. त्याने विचारलं होतं... विचारलं होतं त्याने! फक्त, विचारलं होतं ते सत्तर वर्षांच्या जकात अधिकाऱ्याला.

"आता माझं उत्तर," अप्पा म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

"माघारी फिर गड्या, सोड हा मायापाश,
नामस्मरणी होई साऱ्या मोहाचा नाश."

अशा आणखी चार ओळी होत्या. त्यांत नरकाचाही उल्लेख होता.

वाचून अप्पा वाट पाहू लागले. कुणी उभं राहिलं नाही. वेणीमाधव जमिनीकडे बघत बसला होता, जणू फरशीनेच त्याला परत फिरायला सांगितलं होतं.

"ठीक आहे," अप्पा दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "हे अष्टक पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात! आज चार वाजता चांदवडची जीप मळ्यात येणार होती, नाना गूळपाणी देणार होते, आणि आई तिला पोह्यांची बशी हातात देऊन पुढे ढकलणार होती.

"अप्पा," छाया उठली, "हे उत्तर चुकलंय."

मंडळात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"अक्षरं मोजली आहेत मी!"

"अक्षरं बरोबर आहेत. उत्तर चुकलंय. त्याने पाण्यात उतरू का असं विचारलंय, आणि तुम्ही त्याला घरी पाठवताय. मला सांगू द्या."

"नियमात बसत नाही, ताई."

"बसू दे हो," गोजराबाई म्हणाल्या. "माझे गुडघे सहा महिने बसले होते."

छायाजवळ कागद नव्हता. चार ओळींत ती अडखळली, एकीत तर अक्षरं सोळा झाली आणि अप्पांची बोटं वळवळली. पण शेवटच्या दोन तिने थेट शेवटच्या रांगेकडे बघत म्हटल्या...

"पाणी गुडघाभर, भिऊ नको इतका,
हात दे, नाहीतर तिथेच राहा सुका!"

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. खुर्ची सरकली.

"अष्टक माझं आहे," वेणीमाधव म्हणाला. तो उभा होता आणि या वेळी त्याने चष्म्याला हात लावला नाही. "उत्तर पटलं. छाया..."

"ताई," अप्पांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नाही, अप्पा," वेणीमाधव म्हणाला. "ताई नाही."

मळ्याकडे जाताना रिक्षात तिघं होती. मधे अप्पा, कारण बोलणी करायला वडीलधारं माणूस हवं, असं त्यांनीच ठरवलं होतं.

"तुमच्या घरी कसं सांगणार?" छायाने अप्पांच्या माकडटोपीवरून विचारलं.

"घरी माहीत आहे. दीड वर्ष झालं. आई रोज विचारते, त्या मुलीला कधी सांगतोस?"

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना...?"

"आईला सांगणं सोपं होतं. ती नाही म्हणाली असती, तरी जेवायला वाढलं असतं."

छायाने तोंड रिक्षाबाहेर वळवलं. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

बहिरूनाना शेवंतीच्या वाफ्यात होते. अप्पांनी सगळं नीट गद्यात सांगितलं. नानांनी हातातली फुलं पाटीत ठेवली आणि लेकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली नाही. त्यावरून त्यांना समजायचं ते समजलं.

"दोन वर्सं गप का होता तुमी?" त्यांनी वेणीमाधवला विचारलं.

"भीत होतो."

"आन आता?"

"आताही भितोय. पण आलोय."

नानांनी पाटी उचलून सावलीत ठेवली. मग पायात चपला सरकवल्या.

"फोन लावून येतो चांदवडला. मानसं लय चांगली हायेत, त्यांना उगा हेलपाटा नको. माफी मागंन मी." दोन पावलं गेल्यावर ते थांबले. "तोवर बसा. पोहे तं व्हनारच हायेत."

वेणीमाधव वाफ्याच्या बांधावर मटकन बसला, शेवंतीच्या रोपावर न बसण्याची काळजी घेत. छाया अप्पांकडे गेली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.

"अप्पा, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"मी काय केलं? माझं षटक तर तुला आवडलं नाही."

"अजिबात आवडलं नाही. बरं असतं ना, तर मी गप्प बसले असते." तिचे डोळे भरून आले होते. "इतकं वाईट षटक तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं, अप्पा."

अप्पांनी त्यावर थोडा विचार केला. मग मान डोलावली, आणि शिष्टाचार म्हणून माकडटोपी काढून आभार स्वीकारले.