निब कुणाच्या हाताची

पेन उसनं देऊ नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. निब एकाच हाताला सरावते आणि हात जिकडे झुकतो त्या बाजूनं झिजते. एकतीस वर्षं मी पेनं दुरुस्त करतोय. भिंगाखाली निब धरली की लिहिणारा डावरा की उजवा, हे मला लगेच कळतं.

मेहुण्याचं काळं पेन त्या वर्षी तिसऱ्यांदा आलं. "पडलं हातातून," तो म्हणाला. पडलेल्या निबेचं टोक वर वळतं. हिची दोन्ही पाती फाकली होती. काहीतरी मऊ भेदून ती आतल्या कठीण वस्तूवर आपटली होती. फटीत निळ्या शाईबरोबर तपकिरी खपलीही होती.

माझी धाकटी बहीण, त्याची बायको, दिवसभर माझ्याच दुकानात काउंटर सांभाळते. ती डावरी. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर कातडीच्या आत पंधरावीस निळे ठिपके होते. मी मूर्ख, इतके दिवस ते शाईचे डाग समजत होतो.

"हे त्यानं केलं?"

"दादा, पेन तेवढं सरळ करून दे," ती म्हणाली. "टोक वाकडं असलं की जास्त लागतं."

माझं डोकंच फिरलं. निब सरळ केली, पण घासली डावऱ्या हाताला, बहिणीच्या हाताला जुळेल अशी. त्याच्या उजव्या हातात ती नुसती खरवडेल, वैतागून तो फेकून देईल, एवढाच माझा सूड. मग नेहमीप्रमाणे चाचणीच्या वहीत आठाचे आकडे काढायला घेतले. पाचव्या आठाला माझा हात वर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा. पुन्हा, पार पुठ्ठ्यापर्यंत. वही धरलेला डावा हात मी कसाबसा बाजूला घेतला. थांबलो तेव्हा वहीला अकरा भोकं होती. राग माझाच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पेन मेहुण्याला देऊन टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी बहीण शेजारच्या स्टुलावर बसून निबा पुसत होती. तिची डावी मूठ आपोआप मिटली.

"दादा, माझा हात धर."

मी दोन्ही हातांनी धरला. तरी तो मला घेऊन वर जायचा आणि काउंटरवर आदळायचा. ती रडत नव्हती, मोजत होती. अकराला मूठ उघडली.

त्याच दुपारी किंकाळ्या ऐकून शेजाऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांनी मेहुण्याच्या खोलीचं दार फोडलं. कडी आतून होती. आत तो मरून पडलेला, गळ्याला अकरा भोकं, भिंतीवर रक्ताच्या आणि शाईच्या चिळकांड्या. पेन शेवटच्या भोकात तसंच रुतलेलं होतं.

तपास अधिकाऱ्यानं दुकानात येऊन ते माझ्यापुढे ठेवलं. "ही निब कुणाच्या हाताची? त्याच्याच उजव्या हाताची असेल, तर आत्महत्या म्हणून फाइल बंद करतो. नसेल तर..." त्यानं बहिणीकडे बघितलं. ती डाव्या हातानं काउंटर पुसत होती.

भिंगाखाली निब स्वच्छ डावरी दिसत होती.

"उजव्या हाताची," मी म्हणालो. "शंभर टक्के."

त्यानं लिहून घेतलं, पेन पिशवीत घातलं आणि तो गेला. सुटली पोर, असं वाटून माझ्या जिवात जीव आला.

"दादा," बहीण म्हणाली.

उजव्या हाताची म्हणालो होतो, आणि काउंटरवर माझीच उजवी मूठ पेन धरल्यासारखी मिटत होती. मी ती उघडायला बघत होतो.

बहीण हात धरायला पुढे आली नाही. तिनं आपलं स्टूल हळूच मागं सरकवलं.