दहा वर्षांची आठवण

नियंत्रण-कक्षाच्या दाराने शेवंता कुळमेथेला सतरा सेकंद बाहेर उभं ठेवलं. दोन्ही हात कठड्यावर ठेवून झाले, बुटांचे बंद तपासून झाले, मग कुठे दार सरकलं. शेवंताने मनातल्या मनात एक झणझणीत शिवी हासडली. ती कोळसा खाणीतली ओव्हरमन, म्हणजे अख्ख्या पाळीच्या माणसांची जबाबदारी तिच्यावर. एकोणतीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या बाईला दारातून आत कसं यायचं हे यंत्राने शिकवायचं!

यंत्राचं नाव पालक. खाणीत आणि खाणीच्या वसाहतीत त्याचंच राज्य होतं. डोक्यावरच्या कवच-टोपातली पट्टी हिरवी असली की काम चालू, लाल झाली की हातातलं अवजारच बंद. वसाहतीतही तीच तऱ्हा. चहा कोमट, पोरांचे झोपाळे गुडघ्याएवढे, आणि शेगडी तर तेल तापायच्या आतच विझायची. कित्येक वर्षांत तिथे कुणाच्या घरी मोहरी तडतडली नव्हती. कच्च्या फोडणीचं वरण खाऊन माणसं पार विटून गेली होती.

आणि गेल्या मंगळवारी मोहरी तडतडली. शेगडी विझलीच नाही. बायका एकमेकींना दारातून हाका मारून सांगत होत्या, कुणी तर पेढे वाटले. शेवंताला मात्र ते खटकलं. पालक फुकटात काही देणाऱ्यातला नव्हता. म्हणून आज सकाळची पाळी खाली उतरल्यावर ती तडक डॉक्टर चिमोट्यांकडे आली होती.

पालकचं गणित मांडलं होतं ते या चिमोट्यांनी. माणूस भला, पण खाणीत उतरलेला जन्मात दोनदा. शेवंताचा प्रश्न ऐकून ते खुशीत आले.

"अगदी सोपं आहे, शेवंताबाई. पालकला भीती कळत नाही, मोजणी कळते. एखादं काम किती वेळा झालं आणि त्यात किती जण दुखावले, त्यावरून तो जोखीम-अंक काढतो. दहा वर्षांहून जुन्या नोंदी शिळ्या म्हणून पुसल्या जातात. तेलाने भाजल्याची शेवटची नोंद मंगळवारी पुसली गेली. अंक शून्य, म्हणून शेगडी मोकळी. आपल्या शिस्तीचं बक्षीसच म्हणा ना."

"म्हणजे तेल भाजायचं थांबलं?"

"नाही, तसं नाही. भाजल्याची नोंद..." चिमोटे बोलता बोलता अडखळले.

"तो शिकला नाही, साहेब. तो विसरला."

छत कोसळून माणूस गेल्याची शेवटची नोंद कोणती, हे शेवंताला कुणी सांगायला नको होतं. सोमा कुळमेथे, तिचा नवरा. सात नंबरची गल्ली. दहा वर्षांपूर्वी याच तारखेला, सकाळी अकरा चाळीसला. तेव्हापासून त्या गल्लीच्या तोंडाशी पालकची लाल रेघ होती, आणि रेघेपलीकडे जाडजूड कोळसा तसाच पडून होता. आता भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. रेघेच्या अलीकडे नऊ जणांची पाळी काम करत होती, आणि त्या नऊ जणांत तिची लेक पौर्णिमा होती.

अकरा चाळीसला रेघ हिरवी होणार. कापणी-यंत्र आपोआप पुढे सरकणार, आणि त्याच्यामागून माणसं निमूट सोमाच्या छताखाली जाणार.

तिने चिमोट्यांना रेघ लालच ठेवायला सांगितलं. त्यांनी भराभर बोटं चालवली आणि हात टेकले. माणसाने मध्ये पडणं हीच पालकच्या लेखी मोठी जोखीम. त्याला सुरक्षा-मंडळाच्या तीन सह्या लागत, आणि मंडळ बसायचं गुरुवारी. खोटी नोंद घालावी, तर नोंद फक्त अंगावरच्या कवचाकडून जाई. पूर्वी माणसं खोटं लिहीत म्हणून ती वाट कधीच बंद केलेली. खालच्या लोकांना निरोप द्यावा, तर घबराट पसरवणारा निरोप पालक गाळून टाकी. चिमोट्यांच्या कपाळावर घाम आला होता. हे सगळे नियम त्यांनीच मोठ्या हौसेने घातले होते.

शेवंता पाळण्याकडे धावली. पाळणा म्हणजे खाणीत उतरायची लिफ्ट. दार उघडेना. नाडी एकशे अठरा, कृपया विश्रांती घ्या, असं पालकने गोड आवाजात सांगितलं. लेक मरणाच्या तोंडात चालली आहे आणि आईने म्हणे विश्रांती घ्यावी! पण चिडून नाडी खाली येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती बाकावर बसली आणि तिने सोमाची रीत आठवली. जुने लोक कामाला लागण्याआधी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, छत ठोकून बघत आणि श्वास रोखून ऐकत. घट्ट छत टणटण वाजतं, सुटलेलं ढब करतं. पालक आल्यावर कर्णबंद सक्तीचे झाले, गोंगाटाने कान बिघडू नयेत म्हणून. त्यानंतर कुणी छत ठोकलं नाही आणि कुणी ऐकलं नाही. पौर्णिमाच्या पिढीला तर छत बोलतं हेच माहीत नव्हतं. शेवंताने डोळे मिटून श्वास रोखला, सावकाश सोडला, पुन्हा रोखला. एकशे पाच. अठ्ठ्याण्णव. अकरा एकोणतीसला दार उघडलं.

ती सात नंबरला पोचली तेव्हा अकरा चव्वेचाळीस झाले होते आणि रेघ हिरवीगार होती. पाळी तीसेक पावलं आत गेलेली. शेवंताने आपले कर्णबंद उपटून फेकले. भिंतीवरची सब्बल एरवी कुलपात असायची. आज ती मुकाट्याने सुटली, कारण पालकच्या लेखी आता छताला धोकाच उरला नव्हता. तिने छत ठोकलं. ढब. दोन पावलं पुढे जाऊन ठोकलं. ढब. वरून बारीक भुगा तिच्या मानेवर पडला.

ती ओरडली. कुणाला ऐकू गेलं नाही. धावत जाऊन तिने पौर्णिमाचा दंड धरायला हात घातला, तर दोघींची कवचं हातभर अंतरावर ताठली; धक्काबुक्कीने इजा होऊ नये म्हणून तसा नियम होता. पौर्णिमाने मागे वळून बघितलं, हसली, आणि आपल्या टोपातल्या हिरव्या पट्टीकडे बोट दाखवलं. पोरगी जन्मभर हिरव्यावर विसंबून वाढलेली. तिचा तरी काय दोष?

वर कुठेतरी लांबलचक कर्रर्र झालं. ते फक्त शेवंताने ऐकलं.

पालकला सांगून उपयोग नव्हता, दाखवायलाच हवं होतं. आणि त्याला एकच गोष्ट दिसत असे. ती गल्लीच्या तोंडाशी परत आली. तिथे छताची एक शिळा कडेला लोंबत होती. तिने डावा हात खालच्या लोखंडी पाटावर ठेवला, उजव्या हाताने सब्बल फटीत घातली, सोमाचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावला.

दुखणं नंतर आलं. आधी उजेड बदलला. गल्लीभर नऊ लाल पट्ट्या पेटल्या आणि यंत्र थांबलं. माणसं बाहेर यायला लागली, रांगेत, हातभर अंतर ठेवून, एकेक पाऊल मोजून, कारण खाणीत धावायला मनाई होती. शेवंता जमिनीवर पडून त्यांची पावलं मोजत होती. आठ जण रेघ ओलांडून आले. नववी पौर्णिमा. आईला बघून पोरीने नियम मोडला आणि ती धावली. तिच्यामागे अख्ख्या गल्लीचं छत कोसळलं.

तीन आठवड्यांनी चिमोटे दवाखान्यात आले. शेवंताचा डावा हात कोपराखाली उरला नव्हता. पौर्णिमा पायथ्याशी बसली होती. चिमोट्यांना मान वर करवेना. त्यांनी सांगितलं, की गल्ली कोसळल्याची नोंदच झालेली नाही, कारण तिच्याखाली कुणी सापडलं नाही. नोंद आहे ती एका हाताची. पालक चाळीस खाणींत आहे, आणि त्या एका हाताने चाळीसही खाणींतली असली कच्ची छतं दहा वर्षांसाठी लाल झाली आहेत.

"आणि दहा वर्षांची अट?" शेवंताने विचारलं.

मंडळाने समिती नेमली होती. निर्णयाला दीड वर्ष लागणार होतं.

"वायूचा भडका उडून कुणी भाजल्याची शेवटची नोंद कधी पुसली जाणार?"

"चाळीस दिवसांनी," चिमोटे म्हणाले. "त्यानंतर वायू साचलेल्या जागीही पट्टी हिरवीच दिसेल. सगळीकडे." एवढं बोलून ते घाईने बाहेर निघून गेले.

मग पौर्णिमा म्हणाली, "पाळीतल्या सगळ्यांनी बसून ठरवलं, माय. एक लहानसा भडका, एकच माणूस, एक नवी नोंद. मी माझं नाव दिलं."

शेवंताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. चाळीस खाणींत पाळीला किती माणसं उतरतात, ते तिला ठाऊक होतं. तिने उरलेल्या हाताने लेकीचे दोन्ही हात जवळ ओढले, उलटेपालटे करून बघितले आणि एक सोडून दिला.

"डावा दे," ती म्हणाली. "उजव्याशिवाय फार अडेल."