प्लीज होल्ड द लाईन

माझी जागा घ्यायला आलेली मुलगी चुणचुणीत होती, पण इंग्रजी म्हटलं की तिची बोबडी वळायची. म्हणून नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, दवाखान्याच्या टेलिफोनच्या खोलीत मी माझी जुनी वही तिच्यापुढे ठेवली.

"घाबरू नकोस गं. मी आले तेव्हा मलाही ओ की ठो कळत नव्हतं. या पानभर वाक्यांवर बावीस वर्षं काढली."

ती वाचायला लागली. 'गुड आफ्टरनून, हाऊ मे आय हेल्प यू?' 'मे आय नो हूज कॉलिंग?' मध्येच थांबून तिनं बोर्डाकडे बोट केलं. "मावशी, सात नंबरचा दिवा कधीचा लुकलुकतोय. कुणीतरी होल्डवर आहे. मिनिटाच्या वर थांबवायचं नाही ना?"

"सगळ्यांना सांगितलंय, दिवा बिघडलाय म्हणून. त्या लाईनीला मागे वायरच नाही." आणि मग मी तिला सांगूनच टाकलं. खुर्ची तिची होणार होती.

तेव्हा मी नवीन होते. आई वरच्या वॉर्डात, ऑपरेशननंतर बेशुद्ध. डॉक्टरांनी हात टेकले होते. अशाच एका दुपारी सात नंबर वाजला. पलीकडे एका बाईचा गोड, अदबशीर आवाज... अस्खलित इंग्रजी. तिला आईशी बोलायचं होतं. नाव घेतलं ते आईचं लहानपणचं, आजी गेल्यापासून कुणीच न घेतलेलं.

"कोण बोलतंय, विचारलंत?"

"विचारलं. म्हणाली, आई ओळखते मला."

नियमाप्रमाणे वॉर्डात जोडून द्यायला हवं होतं. बोट बटणावर गेलंही, आणि अंगावर सर्रकन काटा आला. तोंडून निघालं, 'प्लीज होल्ड द लाईन.' संध्याकाळी आईनं डोळे उघडले. त्यानंतर मी तो फोन उचलला नाही. खोटं कशाला बोलू, एकदा उचलला. आहे तरी कोण, हा भुंगा डोक्यातून जाईना. आवाज तस्साच, जराही न वैतागलेला. 'आय ॲम स्टिल होल्डिंग, डिअर...'

"आणि आई?" मुलीनं हळूच विचारलं.

"घरी आहे, ब्याण्णव वर्षांची. ऐकू येत नाही, फोनला हातही लावत नाही. पण आज सकाळी मी डबा भरत होते तर म्हणाली, 'किती ताटकळत ठेवशील गं त्यांना?' कुणाला, म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपली. मला ती अजून हवीय गं. स्वार्थी म्हण हवं तर."

डोळे भरून आले म्हणून मी चष्मा काढून पुसू लागले. मुलगीही कानकोंडी झाली. तिनं वहीत डोकं घातलं.

"हे शेवटचं वाक्य खोडलंय का, मावशी? 'थँक यू फॉर होल्डिंग. आय ॲम पुटिंग यू थ्रू नाऊ.' म्हणजे, थांबल्याबद्दल आभार, आता जोडून देते. बरोबर ना?"

सात नंबरचा दिवा विझला.

मी घरचा नंबर फिरवला. चुकला असेल म्हणून पुन्हा फिरवला. घरात आईखेरीज कुणीच नव्हतं...

लाईन एंगेज होती.