रखमाजीबुवांच्या खोलीतला वारा

पटो वा न पटो, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा मावसभाऊ, दादाभाऊ. आळेफाट्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस असा, की देवळात गेला तरी आधी स्पीकरची वायर नीट जोडलीय का ते बघणार, मग हात जोडणार. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी तोच हसायचा.

आता हसत नाही.

गेल्या वर्षीचा पौष महिना. बुधवार. वेळ रात्रीची नव्हे, चांगली दुपारची. ठिकाण मढ, माळशेजच्या वाटेवरचं. तिकडे त्या दिवसांत असा गारठा असतो, की दुपारी बारालाही अंगातला स्वेटर काढवत नाही.

मढच्या रखमाजीबुवांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं. मी लहानपणापासून ऐकत आलो. बुवांनी वरचा सूर धरला, की मांडीवरच्या लेकराला थोपटणाऱ्या बायांचे हातसुद्धा थांबायचे. काय गळा दिला होता देवानं!

त्यांना जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. वर्षश्राद्धाला गाव जमणार, आणि बुवांचं कीर्तन बुवांच्याच आवाजात लावायचं, असं घरच्यांनी ठरवलेलं.

तो आवाज आता एकाच जागी उरला होता. अंगणापलीकडच्या बुवांच्या खोलीत, कॉम्प्युटरमध्ये. नात अश्विनीनं जुन्या बारा कॅसेट त्यात उतरवल्या होत्या. पुढं कॅसेटींना बुरशी लागली. आणि आता कॉम्प्युटर चालू केला, की बरोबर अकराव्या मिनिटाला बंद पडायचा.

म्हणून दादाभाऊला बोलावणं गेलं.

"तापतंय मशीन," हात लावून तो म्हणाला.

"एवढ्या गारठ्यात?" बुवांचा मुलगा बहिरू हसला. "राव, हितं पाणी पिताना दात वाजत्यात."

मशीन एका फळ्यांच्या खोक्यात बसवलेलं. वरून बुवांचं उपरणं पांघरलेलं. दादाभाऊनं उपरणं बाजूला केलं, तर मागच्या-पुढच्या सगळ्या जाळ्यांवर खाकी चिकटपट्टी. उरल्यासुरल्या फटींत चिंध्या.

"हे कुणी केलं?"

"म्या. उंदरं लई झाल्यात. वायरी कुरतडल्या तर आबांचा आवाज जायचा."

"अवो बहिरूभाऊ, मशीनलाबी श्वास लागतो! पुढून गार वारा आत यायचा, मागच्या पंख्यातून गरम वारा बाहेर जायचा. तुमी चारी बाजूंनी कोंडलंय त्याला. जीव वाचवायला कोंडलं, अन् कोंडूनच..."

दादाभाऊ गमतीनं बोलून गेला. पण बहिरूचा चेहरा एकदम उतरला. "ओतूरहून सामान आणायचंय," एवढंच पुटपुटला आणि निघून गेला. अंगणात मोटरसायकलची किक वाजली.

उंबऱ्यात बसलेल्या ठकूबाईंनी, बुवांच्या बायकोनं, पदर तोंडाला लावला.

अश्विनी हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत नाही. आजोबा याच खोलीत गेले."

मग तिनं सांगितलं. बुवांना शेवटी शेवटी विसर पडायचा. रात्री उठायचे आणि देवळाकडे चालू लागायचे. शिवारात बिबट्या. म्हणून बहिरू रोज बाहेरून कडी लावायचा. त्या रात्री थंडी फार होती. खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं, आणि बुवांनी कोळशाची शेगडी आत घेतलेली...

पहाटे दार उघडलं, तर बुवा दाराला टेकून बसलेले.

उजव्या हाताची बोटं सोललेली.

अंगणापलीकडे कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

 दादाभाऊ म्हणाला, "आजी, डिस्क काढून दुकानात नेतो. तिथं कॉपी करून सकाळी आणून देतो."

"न्हाई." ठकूबाई एकदम ताठ झाल्या. "त्यांला घराबाहेर न्यायचं न्हाई. काय करायचं ते हितंच कर, भाऊ. उद्या एकडाव त्यांचा आवाज कानावर पडू दे. मला दुसरं काय नको."

दोघी देवळात गेल्या, उद्याच्या जेवणावळीचे तांदूळ निवडायला. खोलीत दादाभाऊ एकटा. दारातून बोचरा वारा येत होता, म्हणून त्यानं दार नुसतं लोटून घेतलं.

चिकटपट्ट्या सोलल्या. चिंध्या उपसल्या. दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ अशी, जशी जाजमाची घडी. ब्रशनं सगळी झाडली. प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली आणि मशीन चालू केलं.

स्क्रीनवर तापमान आलं. सदतीस.

दहा मिनिटं गेली. सदतीस.

अकरावं मिनिटही गेलं, मशीन बंद पडलं नाही. दादाभाऊ खूश. पण एक गोष्ट त्याला खटकली. चालू मशीनचा आकडा कधी एका जागी थांबत नाही. घडीत वर, घडीत खाली. हा हललाच नव्हता.

सदतीस... माणसाच्या अंगाची असते तेवढी ऊब.

"असंल सेन्सर बिघडला," असं म्हणून त्यानं पत्रा परत बसवला. उघडं मशीन ठेवायचं नाही, ही त्याची रीत. पत्रा बंद असला तरच वारा पुढून मागं सरळ वाहतो. दोन्ही स्क्रू आवळले. पेनड्राइव्ह लावला. कॉपी सुरू केली.

आणि पाठीमागे...

खट्.

बाहेरून कडी लागली.

"अश्विनी?"



त्यानं दार ओढलं. हललं नाही. खांदा लावून ढकललं. नाही.

"ओ! कोणाय? चेष्टा पुरे झाली!"

मोबाइलला रेंज नव्हती. खिडकी गजांची. गजांना तोंड लावून त्यानं हाका मारल्या. समोर नुसतं कापलेलं भाताचं खाचर. बांधावरच्या झाडाची पानं सळसळत होती. बाहेर वारा चांगला होता.

आत झुळूकही नव्हती.

स्क्रीनकडे पाहिलं. कॉपी एक्केचाळीस टक्क्यांवर अडकलेली. तापमान बावन्न. बघता बघता चौसष्ट. एकोणऐंशी.

मागचा पंखा तर फिरत होता. दादाभाऊनं जाळीमागे तळहात धरला.

वारा नव्हता.

पंखा फिरतोय आणि वारा नाही? बुवांच्या फोटोपुढची जळती उदबत्ती त्यानं उचलली. ही त्याची जुनी युक्ती. धूर दाखवतो, वारा कुठून कुठं जातो ते. पुढच्या जाळीपाशी धरली. धूर सुळकन आत गेला.

मागून बाहेर आला नाही.

आत जात राहिला... जातच राहिला...

मग पंखा थांबला.

आणि धूर पुढच्या जाळीतून परत बाहेर आला. हळूहळू.

मग आत गेला.

बाहेर आला.

आत... बाहेर... मध्येच अडखळत, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.

दादाभाऊच्या हातातून उदबत्ती गळाली. अंगाला घाम फुटला होता. पौषात! त्यानं स्वेटर ओढून काढला, शर्टही. खोलीत वास भरत चालला होता... कोळशाचा. छातीत हवा मावेना. तो दाराशी धावला आणि मूठ आवळून ठोकायला लागला.

टक. टक. टक.

त्यानं दाराला कान लावला.

मग उत्तर आलं.

टक... टक... टक...

बाहेरून नाही. पाठीमागून. मशीनच्या पत्र्याच्या आतून.

 दाराला पाठ टेकून दादाभाऊ खाली बसला. आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण कुठं बसलोय ते.

आकडा अठ्ठ्याऐंशी. आणखी थोडं, की डिस्क जाणार. बुवांचा आवाज कायमचा जाणार. आणि त्याच्या आधी बहुतेक आपणच जाणार.

तो मला म्हणाला, "बंड्या, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. कडी त्या दाराला नव्हतीच लागली. मीच लावली होती. पत्रा आवळून."

तो सरपटत मशीनपाशी गेला. स्क्रूड्रायव्हर घामानं निसटत होता.

"बुवा... उघडतो. रामकृष्ण हरी... उघडतो, बुवा."

पहिला स्क्रू पडला.

दुसरा अर्धाच सैल झाला असेल, तोच पत्रा आपोआप बाहेर पडला. आतून कुणीतरी रेटल्यासारखा. तोंडावर गरम वाफ आली. कोळशाच्या धुराचा वास, आणि त्यामागून बुक्क्याचा.

आणि एक लांब सुस्कारा...

खट्.

पाठीमागचं दार उघडलं. गार वारा भसकन आत आला.

स्क्रीनवर कॉपी पुढं सरकली. बेचाळीस टक्के. त्रेचाळीस. तापमानाचा आकडा पुन्हा सदतीस. पंखा फिरत होता.

ठकूबाई परतल्या, तेव्हा दादाभाऊ अंगणात नुसत्या बनियनवर बसून होता. दात वाजत होते, पण खोलीत शिरायला तयार नव्हता.

"आजी... मघाशी कडी कुणी लावली?"

"कंची कडी?"

म्हातारीनं दाराची बाहेरची बाजू दाखवली. लाकडात खिळ्यांची चार भोकं. बाकी काही नाही.

"बाराव्यालाच बहिरूनं उपटली. हिरीत टाकली नेऊन."

दादाभाऊनं मग घडलं ते सगळं सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारी घाबरेल, नाहीतर रागावेल. ती उघड्या मशीनकडे नुसती बघत राहिली. मग तिनं एकच विचारलं.

"वारा लागला का रं त्यांला?"

"लागला, आजी."

ती तिथंच बसून रडली. वर्षभरात पहिल्यांदा, असं अश्विनी नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. बुवांचं कीर्तन सुरुवातीपासून शेवटच्या गजरापर्यंत वाजलं, कुठंही न थांबता. मशीन आजही त्या खोलीत बाजू उघडी टाकूनच ठेवलंय. बहिरू रोज फडक्यानं धूळ पुसतो. उंदरांनी अजून एकही वायर कुरतडलेली नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण दादाभाऊनं ती कॉपी मलाही दिली. मला कीर्तनाचं वेड, त्याला माहीत. दर एकादशीला मी त्यातलं श्राद्धात वाजलेलं कीर्तन लावतो. आणि दर वेळी अकराव्या मिनिटाला बुवा श्वास घ्यायला थांबतात...

तेवढ्यात मागं कुठंतरी कडी वाजते.

लोक म्हणतात, असंल देवळाचं दार, रेकॉर्डिंगमध्ये आलं असंल.

ते कीर्तन बेल्ह्याच्या बाजारतळावर झालं होतं. उघड्या मांडवात. मी स्वतः पुढच्या रांगेत बसलो होतो. तिथं ना दार होतं, ना कडी.

मला काही समजत नाही. ऐकायचंही सोडवत नाही.

खिडकी तेवढी उघडी ठेवतो. थंडीतसुद्धा.