आरशाच्या जागी टीव्ही

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. तिथे पोरांच्या आरडाओरड्यात भुतंसुद्धा टिकणार नाहीत.

पण पुढे जे सांगते आहे त्यात पदरचं काही नाही. हवं तर माझ्या नवऱ्याला, झेनेकला, विचारा. तो उठून गॅलरीत सिगारेट ओढायला जाईल.

आणि भूत म्हटलं की लोकांना काळोखी रात्र लागते. माझ्या बाबतीत सगळं भर दुपारी घडलं. जून महिना. ऑगुस्तूफ गावाच्या पलीकडचं तळं, पाइनच्या झाडांखालचं कॅम्पिंग. पोरं पाण्यात किंचाळत होती, कुणीतरी मासे भाजत होतं.

अशा ठिकाणी.

आमची कॅरव्हॅन जवळपास माझ्याच वयाची. पांढरी, गोल पाठीची, आणि इतकी छोटी की घरात सगळे तिला 'अंडं'च म्हणतात. आईबाबांनी तरुणपणी घेतली. छोट्या फियाट गाडीमागे बांधून दर उन्हाळ्यात याच तळ्यावर यायचे. आत एक टेबल आणि त्याच्याभोवती बाक, दोन शेगड्या, एक अरुंद कपाट. संपलं. एकाला वळायचं असेल तर दुसऱ्याने बाहेर जायचं.

दोन वर्षांपूर्वी आई याच अंड्यात गेली. दुपारी जेवून बाकावर आडवी झाली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून बाबा घराबाहेर पडेनात. एल्क गावात चौथ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट नाही. दिवसभर खुर्ची आणि टीव्ही. टीव्ही आणि खुर्ची. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एक उन्हाळा हे असेच बसले, तर त्यांचे पाय गेलेच म्हणून समजा. मग ते काही फार दिवस काढणार नाहीत."

मी हट्टाला पेटले. बाबांना तळ्यावर न्यायचंच.

बाबांची एकच अट. "टीव्ही असेल तर येतो."

"बाबा, समोर तळं आहे ना. तळं बघा."

"तळं जन्मभर बघितलं. त्यात बातम्या लागत नाहीत."

म्हणून मी आणि झेनेक आठवडाभर आधी तळ्यावर गेलो. टीव्ही बसवायचा, रविवारी बाबांना आणायचं. एक टीव्ही बसवायला असा किती वेळ लागतो?

मूर्ख होतो.

अंड्याच्या भिंती म्हणजे नुसता पातळ फायबर. त्यात स्क्रू मारला तर टोक बाहेर झाडाला लागेल. वजन पेलेल अशी लाकडी फळी एकच, कपाटाची बाजू, टेबलासमोरची.

त्या फळीवर आरसा होता.

आणि आरशावर फडकं होतं...

आमच्याकडे घरात कुणी गेलं की आरसे झाकतात. गेलेल्या माणसाने आरशात पाहिलं तर ते आतच अडकतं, आणि मग सोबतीला दुसऱ्याला बोलावतं, असं जुनी माणसं म्हणतात. त्या दिवशी बाबांनी हाताला लागलं ते भांडी पुसायचं फडकं आरशावर टाकून वर दोन लाकडी चिमटे लावले. दफन झालं की फडकं काढायचं असतं. पण कॅरव्हॅनला कुलूप लागलं, आणि ते काढायचं राहूनच गेलं.

फडकं आईचंच. जाड लिननचं, निळ्या काठाचं. एका कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग. तो डाग मी लहानपणी पाडलेला, आणि त्याबद्दल आईकडून चांगला मार खाल्लेला. दुसऱ्या फडक्याशी गल्लत होणं शक्यच नव्हतं.

मी चिमटे काढले. झेनेकने आरशाचे स्क्रू सोडवले. निघता निघता आरसा तडकला आणि कचऱ्यात गेला.

मग टीव्ही.

"फळी आतून कुजलीय," झेनेक म्हणाला.

"मजबूत आहे म्हणाला होतास."

"बघून म्हणालो होतो. भोक पाडून नाही."

स्क्रू धरेना. मोठा स्क्रू आणला, तोही गोल गोल फिरत राहिला. शेवटी मागून पत्र्याची पट्टी लावली तेव्हा टीव्ही उभा राहिला. पण आता कपाट उघडेना. थोडा वर घेतला तर उठताना झेनेकचं डोकं आपटायचं. खाली घेतला तर चहाची किटली ठेवायला जागा उरेना. माझं डोकं तापलं होतं.

ॲन्टेना लावली तर सीमेपलीकडच्या लिथुआनियातली एक बाई स्वच्छ दिसायला लागली. बीटाचं सूप शिकवत होती. आपलं एकही चॅनेल नाही.

"बाबांना लिथुआनियन शिकवू," झेनेक म्हणाला.

मला हसू आलं नाही. म्हटलं, चल, आधी जेवून घेऊ.

आम्ही बाहेर झाडाखाली बसून बटाटे आणि ताक घेतलं. अंड्याचं दार आमच्या डोळ्यांसमोर होतं. परत आत गेलो तर...

टीव्हीवर फडकं होतं.

नीट पसरलेलं. वरच्या कडेला दोन चिमटे.

"झेनेक, पोरकटपणा बंद कर."

"मी? मी तुझ्यासमोर बटाटे खात होतो."

"मग मी लावलं का?"

"तुझं तुलाच माहीत. तुम्ही दोघी मायलेकी कधी काय कराल..."

त्यावरून आमचं भांडण झालं. तो रागाने पोहायला गेला. मी फडकं गाडीच्या डिकीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ॲन्टेनाचा खांब वळवून झाला. आपल्या बातम्या लागल्या. मी खुशीत झेनेकला बोलवायला धक्क्यावर गेले, आणि त्याला घेऊन आले तर...

फडकं. चिमटे.

झेनेकने डिकी उघडली. डिकी रिकामी होती.

त्याने डिकी आपटून बंद केली. 

मी फडकं धुतलं. का धुतलं ते विचारू नका, काहीतरी करायचं होतं. झाडांमध्ये दोरीवर वाळत घातलं. अर्ध्या तासाने दोरी रिकामी, आणि ओलं फडकं टीव्हीवर. पाणी थेंब थेंब वायरींवर गळत होतं. टीव्ही बंद पडला. सगळी वायर पुन्हा काढावी लागली.

भीती? खरं सांगू, तोवर भीती वाटतच नव्हती. नुसता संताप येत होता. रविवार तोंडावर आलेला आणि कुणीतरी माझ्या कामात पाय घालत होतं.

शनिवारी झेनेक नवी वायर आणायला गावात गेला. मी एकटी. अंड्याच्या पायरीवर दाराला पाठ लावून बसले. म्हटलं, आता बघू कोण आत जातं.

दुपार. वारा पडलेला. पोरं जेवायला गेलेली, तळं गप्प.

मागे बाक करकरला...

अंड्याचा तो बाक ठरावीक आवाज करतो. कुणी बसलं की एकदा, उठलं की दोनदा. लहानपणापासून ऐकलेला आवाज.

एकदा करकरला होता. मग दोनदा.

मग पावलं नाहीत. काहीच नाही.

आणि माझ्या कानामागे...

टक्.

टक्.

चिमटे.

मी वळले. आत कुणी नव्हतं. फडक्याचा काठ अजून हलत होता.

आणि तिथे मी रडले. भीतीने नाही, वैतागाने. "आई," मी मोठ्याने म्हटलं, "तुला टीव्ही आवडायचा नाही, मला ठाऊक आहे. पण बाबा तिकडे खुर्चीत मरायला टेकलेत. मला जरा मदत कर, नाहीतर मधे तरी येऊ नकोस."

फडकं ओढून काढलं. बाहेर मासे भाजायच्या शेगडीत निखारे होते. त्यात टाकलं.

लिनन सावकाश जळतं. शेजारच्या तंबूतल्या लोद्झा काकू धूर बघून आल्या. त्या आईच्या, म्हणजे स्तेफाच्या, जुन्या मैत्रीण, पत्त्यातल्या भिडू.

"काय जाळतेस गं?"

"फडकं."

"स्तेफाचं? आरशावरचं?" त्या निखाऱ्यांकडे बघत राहिल्या. "मग आरसा कुठाय?"

"फेकला. तिथे टीव्ही लावलाय."

काकूंनी अंड्याच्या दारातून आत डोकावलं. टीव्ही बंद होता. काळ्या काचेत काकू दिसत होत्या, मागे मी, माझ्या मागे झाडं... सगळं लख्ख दिसत होतं.

"अगं वेडे," त्या हळूच म्हणाल्या, "हाही आरसाच की."

त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि निघून गेल्या. त्या उन्हाळ्यात पुन्हा आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

रविवारी झेनेक बाबांना घेऊन आला. चार मजले उतरायला बाबांना भरपूर वेळ लागला होता, रंग उडालेला होता. पण आले. तळं बघून डोळे पुसले. मला वाटलं, जिंकले मी.

आत टेबलाशी बसवलं. रिमोट हातात दिला. उजव्या हातात, कारण त्यांचा डावा हात तरुणपणीच आरागिरणीत निकामी झालेला, त्या हातात साधा रुमालसुद्धा धरता येत नाही.

बातम्या लागल्या. रंग, आवाज, सगळं झकास.

बाबांनी जरा वेळ पाहिलं. मग टीव्ही बंद केला.

"काय झालं? आवाज वाढवू का?"

"नको."

ते काळ्या काचेकडे बघत होते. चेहरा हळूहळू सैल झाला. आणि मग ते बाकावर थोडे सरकले, भिंतीकडे... शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसे.

बाक एकदा करकरला.

"ग्राझिना," बाबा मला म्हणाले, "चहा दोन ग्लास आण."

त्यानंतर टीव्ही कधी लागला नाही. सगळा उन्हाळा बाबा त्या बंद टीव्हीसमोर बसून राहिले. आठवडाभर सोलवटलेले हात, कुजलेली फळी, वायरी, भांडणं, सगळं यासाठी केलं होतं मी. पोहायला चला म्हटलं तर म्हणायचे, "आत्ता नको, ती बोलतेय."

मला तेव्हा कळलं, पण उशिरा. आई टीव्हीवर रुसली नव्हती. ती आरसा झाकत होती. आणि मी फडकं जाळलं होतं.

दुसरं लावून पाहिलं. टॉवेल, चादर, झेनेकचा शर्ट. काहीच टिकत नाही. चिमटे घट्ट बसवून मागे वळावं तर सगळं जमिनीवर.

"टीव्हीच काढून टाकतो," झेनेक म्हणाला. तासभर झटला. घामाने भिजून बाहेर आला आणि हत्यारं गवतात फेकली. जूनमध्ये जे स्क्रू काही केल्या धरत नव्हते, ते आता सुटत नव्हते.

सप्टेंबरअखेर कॅम्पिंग बंद झालं. बाबा अंडं सोडून घरी यायला तयार नव्हते. शेवटी ते ओढून आणलं आणि आमच्या इमारतीमागे गॅरेजांजवळ उभं केलं. बाबा रोज सकाळी चार मजले उतरतात, अंड्यात बसतात, दुपारी जेवायला वर चढतात. डॉक्टरबाई खूश आहेत. पाय सुधारले म्हणतात.

मीही स्वतःला तेच समजावत होते. गेल्या महिन्यापर्यंत.

त्या दुपारी काकडीचं सूप तयार होतं, बाबा आले नाहीत, म्हणून बोलवायला खाली गेले. अंड्याचं दार उघडं होतं. आत पाय ठेवला आणि समोर टीव्हीच्या काचेत दोघं दिसली. बाकावर. आई खिडकीकडे, बाबा तिच्या शेजारी. आईने हात चेहऱ्यावर घेतला होता, रडताना घ्यायची तसा.

बाबा माझ्याकडे बघत होते. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

"बाबा, चला, सूप गार होतंय," म्हणत मी बाकाकडे वळले...

बाक रिकामा होता.

"आलो, आलो," मागून आवाज आला.

बाबा बाहेर उभे होते. काखेत पावाची लादी. दुकानात जाऊन आले होते, एकटेच. हसत होते.

ते माझ्या पुढे चार मजले चढले. न थांबता. धाप लागली नाही.

वर मी ताटली वाढली. झेनेक समोर बसला होता. बाबांनी चमचा उचलला, सूप घेतलं, म्हणाले, "छान झालंय." झेनेकने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उठून गॅलरीत गेला.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. ते वेळेवर येतात, माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करतात, झोपायला त्यांच्या खोलीत जातात. मी वाढते आणि ताटलीकडेच बघत राहते.

ते चमचा डाव्या हातात धरतात.