बाबांचे प्रश्न

दवाखान्याच्या मागच्या दाराशी ताईनं बाबांची पिशवी ताब्यात घेतली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आत चष्मा, कवळी, एक स्वेटर आणि मोबाइल. पिशवी पारदर्शक, तिचं तोंड चिकटपट्टीनं घट्ट बंद केलेलं. "लगेच उघडू नका हं, उन्हात ठेवा आधी," नर्स लांबूनच म्हणाली. रस्ते ओस पडले होते. सगळी शटरं खाली, सिग्नल मात्र कुणासाठी कोण जाणे लाल-हिरवे होत होते.

घरी येऊन तिनं पिशवी गॅलरीत ठेवली, हात खसखसून धुतले आणि चहाचा कप घेऊन भावाच्या फोनची वाट बघत बसली. धाकटा भाऊ, घरातला ढब्बू, पृथ्वीच्या पार टोकाला बर्फातल्या एका तळावर जनरेटर सांभाळायचा. तिथं आता महिनोन्महिने सूर्य उगवणार नव्हता, आणि साथीमुळे त्यांना आणायला जाणारं जहाज बंदरातच अडकलं होतं. बाबा गेल्याचं त्याला एवढ्यात सांगायचं नाही, असं ताईनं मनाशी ठरवलं होतं. सांगून तो करणार काय? ना येता येणार, ना कुणाच्या गळ्यात पडून रडता येणार.

बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. कुठलीही वस्तू दिसली की "हे चालतं कसं?" हे ठरलेलं. दोघं भावंडं त्यांना चालतीबोलती प्रश्नपत्रिका म्हणायची. ढब्बू बर्फात गेला आणि बाबांच्या प्रश्नांना नुसता ऊत आला.

फोन वाजला. पलीकडून शब्द यायला नेहमीसारखा क्षणभर उशीर, मध्ये वाऱ्यासारखी खरखर.

"बाबा झोपलेत रे," तिनं घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "घसा पार बसलाय त्यांचा."

"झोपले एवढ्यात? मघाशी तर बोलत होते माझ्याशी."

ताईचा कप ओठांपाशीच थांबला. "कोण?"

"बाबा गं! रेडिओच्या खोलीतल्या फोनवर. घसा बसलाय खरा, कुजबुजल्यासारखे बोलत होते. म्हणे, बर्फावर पाय ठेवला की आवाज कसा येतो? मग काय, बूट घासून दाखवला त्यांना!"

फोन ठेवल्यावर ती गॅलरीत गेली. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पिशवीवरूनच बटण दाबून पाहिलं, आतला मोबाइल बंद पडलेला.

कुणी थट्टा करत असेल का? की कुठल्या तरी दुसऱ्याच म्हाताऱ्याचा फोन चुकून तिथं लागत होता? खरं तर तेव्हाच ढब्बूला सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला थोडं बरंही वाटत होतं. पुढच्या वेळी तिनंच आधी विचारलं, "बाबा काय म्हणत होते?"

पाणी कुठून आणता? अंधारात दिशा कशी कळते? वारा कुठल्या फटीतून आत येतो? सगळे अगदी बाबांच्या धाटणीचे प्रश्न. ढब्बू रंगून रंगून सांगायचा. ताई हसायची, डोळे पुसायची आणि पुढच्या फोनची वाट बघायची.

मग एकदा तिला राहवलं नाही. "त्यांना विचार, आईला ते लाडानं काय म्हणायचे," ती म्हणाली. "मला सांगतच नाहीत, पैज लागलीय आमची."

"विचारलं," ढब्बू पुढच्या फोनवर म्हणाला. "नुसते हसले. म्हणाले, तूच सांग बघू. शेवटी मीच सांगितलं, मैनाबाई."

"मग?"

"मग काय! आता प्रत्येक फोनवर मैनाबाई, मैनाबाई. आई असती तर लाजून पळाली असती."

ताईनं कप खाली ठेवला. तिनं आधीचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. त्या आवाजानं एकदाही स्वतःहून काही सांगितलं नव्हतं. तो फक्त विचारत होता. ढब्बू जेवढं सांगेल, तेवढंच त्याला ठाऊक होत होतं.

"ढब्बू, बस जरा," ती म्हणाली. "बाबा गेले रे... दवाखान्यात. तुला त्यांचा तो पहिला फोन आला ना, त्याच्याही आधी. मी लपवलं तुझ्यापासून."

खरखर... नुसती खरखर. लाइन तुटली असं तिला वाटलं. मग लहानपणी यायचा तसा हुंदका ऐकू आला.

"का नाही सांगितलंस, ताई?"

"तू तिथं एकटा... मला धीरच झाला नाही रे."

बराच वेळ दोघंही रडत राहिली. मग ढब्बू हळूच म्हणाला, "मग हे कोण आहे?"

"माहीत नाही. तो फोन उचलू नकोस आता. शेवटचं काय विचारलं त्यानं?"

"तुझ्याबद्दल विचारत होते." त्याच्या तोंडून अजूनही आदरार्थी 'होते'च येत होतं. "घरात शिरलं की ताईची खोली कुठल्या हाताला... ती तिथं एकटीच झोपते का... मला वाटलं, आजारपणात विसरले असतील."

"आणि तू सांगितलंस?"

"सगळं सांगितलं गं..."

त्या दिवशी उजेड असतानाच ताईनं अंथरूण स्वयंपाकघरात ओढून आणलं. आपल्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि पुन्हा त्या दाराकडे फिरकली नाही.

पुढच्या रविवारी ढब्बूचा सूर बराच हलका होता. "ताई, एकदासुद्धा नाही वाजला बघ तो फोन. आणि जहाजही निघतंय म्हणे."

"सुटलास रे बाबा," ती म्हणाली. ओट्यावर दुपारचं ऊन पसरलं होतं. कित्येक दिवसांनी तिला भूक लागल्यासारखी वाटली.

"ताई... घरी कुणी आलंय का?"

"नाही रे. का?"

"तुझ्या मागून कुणीतरी बोलतंय. अगदी हळू... कुजबुजल्यासारखं."

तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिला काही ऐकूही येत नव्हतं. तरी तिच्या तोंडातून प्रश्न निघालाच.

"काय म्हणतंय?"

पलीकडून शब्द यायला या वेळी फार उशीर लागला.

"विचारतंय... ही खोली कुठली?"